विमानाचं अंतर आणि वेळ: या चुका टाळा

जळगावात तिकिटं काढून देतो, त्यामुळे हे हिशेब रोज कानावर पडतात. सगळ्यात हट्टी चूक वजाबाकीची. पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली, झाला प्रवास! मुंबई-दिल्लीला हे चालतं. परदेशी तिकिटावर मात्र निघायची वेळ इथली आणि पोचायची तिथली छापलेली असते.

चोपड्याचे एक केळीवाले भाऊ दुबईला निघाले. मुंबईहून साडेचारला उड्डाण, दुबईत सव्वासहाला उतरायचं. म्हणजे पावणेदोन तास, असं त्यांनी ठरवून टाकलं. परतीचं विमान दुबईहून रात्री दहाचं, तेव्हा पावणेबाराला मुंबईत हजर राहा, असं ड्रायव्हरला परस्पर सांगून मोकळे. तिकिटावर पोचायची वेळ २:४० अशी ठळक छापलेली, पण पाहतो कोण? रात्री एकला ड्रायव्हरचा मला फोन, "भाऊ, विमान कथा शे?" म्हटलं, अरबी समुद्रावर असेल, झोप गाडीत. पार्किंगच्या पावतीवरून दोघांची नंतर चांगलीच जुंपली.

दुबईचं घड्याळ बारा महिने आपल्या दीड तास मागे. म्हणजे जाताना सव्वातीन तास, येताना तीन तास दहा मिनिटं. मी प्रिंटवर दोन्ही वेळा भारतीय वेळेत बॉलपेनने लिहून देतो, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तिथे आधी तारीख बघा.

दुसरी चूक घाईवाल्यांची: किलोमीटर भागिले वेग. मोबाइलवर दिसेल तो पहिला आकडा उचलायचा. रेल्वेचे ४२० किलोमीटर घेतात, जेटचा ताशी ८५० चा वेग घेतात आणि अर्ध्या तासात जळगावहून मुंबई गाठतात, कागदावर. हवाई अंतर साधारण ३५५ किलोमीटर. आपल्याकडे येतं ते पंख्याचं एटीआर, ताशी ५०० च्या आसपास. तरी पाऊण तासही होत नाही, मग तिकिटावर तासाच्या वर का, म्हणून माझ्याशी वाद! अहो, ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, मुंबईच्या आभाळात नंबर लागेस्तोवर घिरट्या, सगळं त्यात आलं. तिकिटावर कालावधी छापलेला असतो, तोच धरा.

याच जळगाव-मुंबई अंतराला कुठे १९२ असा आकडा दिसला तर ते सागरी मैल. किलोमीटर हवे तर १.८५२ ने गुणा.

'एकूण वेळ' मध्ये मधल्या विमानतळावर बसून काढलेले तासही असतात. स्वस्त तिकीट बहुधा तिथेच महागात पडतं.

जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ, हेही धरून चालू नका. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ वाचला.

आणि धुळेकरांनो, मुंबईला जायला नव्वदेक किलोमीटर उलट्या दिशेने जळगावला येऊन विमान पकडू नका. घरापासून घरापर्यंतचे तास मोजा, आग्रा हायवेची गाडी बरी पडेल. नंदुरबारवाल्यांनी आधी सुरतहून विमान आहे का ते बघावं.