ओफ्रेंदा कशी मांडावी : गेलेल्या माणसाला घरी बोलावण्याची मेक्सिकन रीत

मेक्सिको सिटीत राहत असताना एका ऑक्टोबरअखेरीला आमच्या घरमालकीणबाईंनी मला सिगारेटचं पाकीट आणायला पाठवलं. त्या स्वतः ओढत नसत. पाकीट फोडून त्यांनी दोन सिगारेटी अर्ध्या बाहेर काढून ठेवल्या, शेजारी काडेपेटी ठेवली आणि नवऱ्याच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "पाकीट नेहमी मीच फोडून द्यायचे."

ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्या माणसासाठी वाढून ठेवलेलं पान. 'दिआ दे मुएर्तोस' म्हणजे 'मृतांचा दिवस' या सणात, १ नोव्हेंबरला लहान वयात गेलेली मुलं आणि २ नोव्हेंबरला मोठी माणसं घरी येतात, अशी श्रद्धा आहे. २००८ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत या परंपरेची नोंद झाली. मेक्सिको सिटीतली मोठी मिरवणूक मात्र २०१६ पासूनची. सणाचं खरं घर म्हणजे ही मांडणी आणि गावोगावची दफनभूमी.

सुरुवात फुलं-पताकांपासून करू नका. आधी माणूस आठवा. त्याला काय आवडायचं, चहा की कॉफी, गोड किती लागायचं, रोज हातात कुठली वस्तू असायची, हे घरातल्यांना विचारून लिहून काढा. फोटो त्याचा एकट्याचा निवडा, कारण जिवंत माणसाचा फोटो ओफ्रेंदावर ठेवत नाहीत.

मग भिंतीला टेकवून टेबल लावा. त्यावर खोकी रचून पायऱ्या करा आणि चादर अंथरा. दोन पायऱ्या म्हणजे पृथ्वी आणि आकाश. काही घरांत सात करतात, पण दोन पुरतात. फोटो सगळ्यात वर. जमलं तर उसाची कमान करून तिला फुलं बांधा, ते येणाऱ्याचं दार.

आता झेंडू. तिकडे त्याला सेंपासूचिल म्हणतात. नाहुआट्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतल्या मूळ नावाचा अर्थ 'वीस फूल', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं. हे झाड मुळात मेक्सिकोचंच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात ते समुद्र ओलांडून आलेलं आहे. थोडी फुलं अख्खी ठेवा, बाकीची मुठीत घट्ट धरून पाकळ्या उपटा. बोटं पिवळी होतात आणि तो उग्र, किंचित कडवट वास दिवसभर हाताला राहतो. याच वासाच्या नि रंगाच्या खुणेवर आत्मा वाट शोधतो, असं म्हणतात. म्हणून पाकळ्यांची वाट थेट उंबऱ्यापासून टेबलापर्यंत घाला, मध्ये तोडू नका.

वाट चालून आलेल्याला आधी तहान लागते. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवा आणि शेजारी मिठाची वाटी. मीठ शुद्धतेसाठी. प्रत्येक माणसामागे एक मेणबत्ती लावा, आणि ज्याची आठवण काढणारं कोणीच उरलं नाही अशा आत्म्यासाठी एक जास्तीची. ही जास्तीची मेणबत्ती कृपा करून विसरू नका. वर कोरीव कागदाच्या पताका टांगा, त्या वाऱ्याचं रूप. पताका आणि ज्योत यांत हातभर अंतर ठेवा. धुपाटण्यात कोपाल नावाच्या झाडाची राळ जाळतात.

पदार्थ शेवटी आणि ताजे. 'पान दे मुएर्तो' हा लोणी-अंड्यांचा गोल गोड पाव, त्यावर कणकेचीच हाडं आणि साखरेचा थर. शिवाय तामालेस (मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले), मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा), फळं, साखरेच्या कवट्या. पण यादीपेक्षा आवड मोठी. त्या माणसाला मोले आवडत नसेल आणि तो उकडलेल्या शेंगा खात असेल, तर शेंगाच ठेवा. पितृपक्षात आपणही आजोबांच्या आवडीची भाजी आवर्जून करतोच.

ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला आहे, तिथल्या रीती गावागणिक वेगळ्या. पुएब्ला राज्यातल्या वाकेचुला गावात अशा माणसासाठी पांढऱ्या सॅटिनची, छताला भिडणारी मांडणी करतात आणि दार सगळ्यांसाठी उघडं असतं. परका आला तरी त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

२ तारखेच्या रात्री कबरीवर जायचं. आधी कबर धुवून झाडून काढायची, मग फुलं, मेणबत्त्या, खाणं आणि गप्पा. मेक्सिको सिटीच्या कडेला मिस्किकमध्ये त्या संध्याकाळी सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. रडू आलं तर रडा. मोठ्याने हसलात तरी कोणी वळून बघणार नाही, कारण बाजूच्या कबरीवर कोणीतरी गिटार वाजवत असतं.

दुसऱ्या दिवशी आवराआवर. पदार्थ घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी वाटून खायचे. पाहुण्यांनी चव आणि वास नेलेला असतो, म्हणून ते जरा फिके लागतात म्हणे. घरमालकीणबाईंनी मला मोलेची वाटी दिली आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "फिकं लागतंय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी समाधानाने पेला उचलला आणि उरलेलं पाणी कुंडीत ओतलं.