उन्हाळ्यात कुंडीतलं झाड मान टाकतं तेव्हा

एप्रिल लागला की धुळ्यात आमच्या गल्लीत एकच तक्रार. शेजारच्या काकू गच्चीवरून हाक मारतात, "भाऊ, मी रोज पानी टाकस, तरी बी मोगरा सुकस." लगेच कोणीतरी सल्ला देतं, दोन वेळा टाका. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण याच सल्ल्यानं माझं लिंबाचं झाड गेलं.

आधी झाड कोणत्या वेळी मान टाकतं ते बघा. दुपारी दोनला पारा ४३-४४ वर असताना पानं लोंबली आणि दिवेलागणीला ताठ झाली, तर काही करू नका. पानांतून पाणी उडून जातं त्या वेगानं मुळांना ते ओढता येत नाही, एवढंच. सकाळी सहालाही झाड लोंबलेलंच असेल तर मातीत दोन पेरं बोट घाला. ओलं लागलं तर मुळं कुजताहेत. पाणी बंद, कुंडी सावलीत. कोरडं लागलं तर पाणी द्या. पण कसं द्यायचं, तिथेच सगळे फसतात.

मी कुंडी भरली होती शेतातल्या काळ्या मातीनं. कापसाला चालते ती लिंबाला का नाही, असा माझा हिशोब. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, कुंडीत ती कडेपासून सुटते. रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी फट पडते. पाणी ओतलं की ते त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर. खाली ओल दिसली की मी खूश. मे महिन्यात झाड वाळलं तेव्हा कुंडी उलटी केली. बाहेरून ओला, मधे विटेसारखा कोरडा गोळा! महिनाभर मी फक्त कुंडी धूत होतो.

तेव्हा फट दिसली तर वरून पाणी ओतत बसू नका. टबमध्ये पाणी घ्या आणि कुंडी त्यात काठाच्या दोन बोटं खालपर्यंत बुडवा. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, तशीच राहू द्या, मग सावलीत निथळू द्या. कुंडी उचलण्यासारखी नसेल तर आधी फटीत वाळू-शेणखत दाबून भरा, बारीक सळईनं मातीत पाच-सहा भोकं पाडा आणि तांब्याभर पाणी दहा-दहा मिनिटांनी तीनदा द्या. सळई खोडाला खेटून खुपसू नका. मी एका जास्वंदीची मुळं तशी तोडली आहेत. आणि हे सगळं माती आतून कोरडी असेल तरच. ओल्या कुंडीला बुडवलंत तर उरलेली मुळंही जातील. भिजवल्यावर लगेच खत देण्याचा उत्साह नको.

कायमचा इलाज म्हणजे माती बदलणं, पण ते पहिले दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर. मे महिन्यात कुंडी बदला असं सांगणाऱ्यानं खानदेशातला मे पाहिलेला नाही. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग जुनं, वास न येणारं शेणखत. वर वाळल्या पाल्याचा थर.

बाकीचं सोपं आहे. पाणी सकाळी सातच्या आत. पाइपात कालचं तापलेलं पाणी असलं तर ते आधी सोडून द्या. दुपारच्या उन्हाला हिरवी शेडनेट, नाहीतर जुनी सुती साडी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीची. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), फवारणी संध्याकाळी. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापडानं पुसा, मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून. मोगरा जानेवारीअखेर छाटा, आत्ता कात्री लावू नका.

आणि कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असलं तर जाळीवरचा पांढरा थर पाहिलाच असेल. ते पाणी अंगणात मारा.