मेसियाँची 'तुरंगलीला' : कुठून सुरुवात करायची

फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँची ही सिंफनी १९४६ ते १९४८ मध्ये लिहिली गेली. भाग दहा, वेळ साधारण ८० मिनिटं. पहिल्यापासून सरळ ऐकायला बसलात तर अर्ध्यावर कान थकतात. तेव्हा आधी सहावा भाग लावा.

या भागात म्यूट (आवाज दबवणारा तुकडा) लावलेल्या तंतुवाद्यांबरोबर ओंद मार्तनो प्रेमाची धून अगदी संथ वाजवतं आणि वरून पियानोवर पक्षी बोलत राहतात. ओंद हे विजेवर चालणारं वाद्य आहे. उजव्या हाताच्या बोटात अंगठी असते, ती पट्टीवर सरकवली की स्वर मींडेसारखा वाहतो. डाव्या हाताखालची कळ जितकी दाबाल तितका आवाज मोठा. म्हणून त्याच्या स्वराला आघात नसतो, तो शांततेतूनच उगवतो. या खुणेवर ते ओळखता आलं की गर्दीतही सापडतं.

दुसऱ्या दिवशी पाचवा. आवाजाची पातळी याच भागावर ठरवा. सहाव्याच्या शांततेला जुळवून आवाज वाढवून ठेवलात तर पाचव्यात हेडफोन काढून फेकावा लागेल. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, बेसड्रम आणि टॅमटॅम (मोठी घंटाथाळी) तिथे पोहोचतच नाहीत.

मग पहिला भाग दोनदा. ट्रॉम्बोन जड, दगडी चालीने वाजवतात तो 'पुतळ्या'चा विषय, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी धून. नंतर दोन क्लॅरिनेट हळूच कुजबुजतात ते 'फूल'. हे दोन्ही पुढे वेश बदलून येत राहतात, त्यामुळे इथे कंजुषी करू नका.

आता तिसरा, सातवा आणि नववा. इथे आपला कान हमखास फसतो. या भागांतली लय आपल्या तालांवरून घेतलेली आहे. संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'तली १२० देशी तालांची यादी मेसियाँना एका फ्रेंच संगीतकोशात मिळाली. ही गोष्ट कळली की आपण सम शोधू लागतो. ती इथे नाही, ठेकाही नाही. त्यांनी तालातले लघु-गुरू फक्त कालमापं म्हणून घेतले आणि मध्येच एखादं बारीक मूल्य वाढवलं, म्हणून आपण पायाने धरलेला ठेका लंगडतो. मात्रा मोजणं सोडा, दोन आघातांमधलं अंतर ऐका. नवव्यात १७ वेगवेगळ्या लांबीची मूल्यं पाच तालवाद्यांत वाटलेली आहेत आणि १३ एकल तंतुवाद्यं प्रत्येक आघाताला स्वरांचा रंग देतात. (तालवाद्यांची एवढी फौज असूनही टिंपनी (ऑर्केस्ट्रातले सुरात लावलेले नगारे) मात्र नाही!)

दुसरा, चौथा, आठवा हे त्यानंतर आपोआप उलगडतात. आठवा सर्वांत लांब भागांपैकी आहे, तो ऐकताना मध्ये उठू नका.

शेवटी पूर्ण कृती क्रमाने ऐका, शफल बंद ठेवून. पाचव्यानंतर दोन मिनिटं थांबलात तरी चालतं. रेकॉर्डिंग म्हणाल तर संचालक म्युंग-व्हुन चुंग यांचं १९९० चं घ्या : पियानोवर इव्होन लोरिओ, ओंदवर इव्होन यांची बहीण जान. मेसियाँ तेव्हा हयात होते. दहाव्या भागात प्रेमाची धून सगळा ऑर्केस्ट्रा मिळून गरजून वाजवतो. सहाव्यातली हीच का ती, असं वाटलं तर लगेच सहावा पुन्हा लावून बघा.