बियांपासून फॅलेनॉप्सिस: या चुका टाळा

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची शेंग तडकली की आतून फिकट पिवळी पूड उडते. तेच बी. एका शेंगेत ते हजारोंनी असतं, कधी लाखाच्याही वर, पण एकाही दाण्यात कोंबाला पुरेल एवढी शिदोरी नसते. जंगलात ती बुरशी पुरवते. साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बुरशीवाचूनही हे बी रुजतं, हे अमेरिकेत लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये दाखवलं. आपण घरी बाटलीत करतो ते हेच. तेव्हा बी मॉसवर भुरभुरवून रोज पाणी शिंपडत बसू नका. आणि निळ्याशार फुलांचं चित्र छापलेली ‘ऑर्किड बी’ची पाकिटं तर घेऊच नका.

शेंग धरते आणि महिन्याभरात पिवळी पडून गळते, किंवा आत नुसता कापूस निघतो? दोष बहुधा तुमच्या हाताचा नसतो. दुकानातल्या कित्येक संकरित झाडांत गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि अशी झाडं जवळपास वांझ असतात. म्हणून एकाच फुलावर भिस्त न ठेवता दोन-तीन वेगळ्या झाडांवर पराग लावा, तेही धष्टपुष्ट झाडांवरच. पराग लागल्यावर फूल चार-सहा दिवसांत कोमेजतं, ते चांगलंच लक्षण. खरं फलन मात्र त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी होतं. आईसारखंच फूल हवं असेल तर बियांच्या नादी लागू नका, दांड्यावर फुटलेलं पिल्लू लावा.

सगळ्यात महागात पडते ती शेंग पिकायची वाट पाहणं. साधारण चार-पाच महिन्यांची, हिरवी, बंद शेंग आतून निर्जंतुक असते. साबणाने घासून, ब्लीचच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवली की काम झालं. तडकलेल्या शेंगेचं मात्र बीच धुवावं लागतं: कमी वेळ ठेवलं तर बुरशी, जास्त ठेवलं तर बी मेलं.

बाटलीत बुरशी दिसली की लोक सरसकट ‘हवेतून आली’ म्हणतात. आधी ती कुठे उगवली ते बघा. बियांच्या पुंजक्यांभोवतीच असेल, तर शेंग नीट धुतली गेली नाही. पृष्ठभागावर इथे-तिथे ठिपके असतील, तर ती हवेतली किंवा तुमच्या बाहीवरची; पंखा बंद होता का ते आठवा. आणि अगारच्या पोटात दुधाळ ढग दिसत असेल, तर अगार निर्जंतुक करताना कुकर कमी पडला. पंधरा पौंड दाबावर वीस मिनिटं, तीही दाब चढल्यानंतर मोजायची. मी प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या बी न पेरता आठवडाभर तशाच ठेवतो. त्या खराब झाल्या तर शेंग कापतच नाही.

पेरणीच्या बंद पेटीत स्पिरिट फवारून दिवा पेटवू नका. भडका उडतो, आणि हात आतच असतात. ब्लीचमध्ये व्हिनेगरही मिसळायचं नाही. विषारी वायू सुटतो.

अगार पातळच राहिलं तर त्याचा सामू (पीएच) तपासा. तो पाचाच्या खाली गेला की अगार नीट घट्ट होत नाही. साडेपाचच्या आसपास ठेवा. बी रुजून झालेले हिरवे मणी तपकिरी पडू लागले तर बहुतेक गर्दी झालेली असते. लिटरमागे एक-दोन ग्रॅम सक्रिय कोळसा घातलेल्या ताज्या माध्यमावर ते विरळ करून हलवा. बाटलीवर थेट ऊन नको, आत रोपं शिजतात.

साधारण वर्षाने रोपं बाहेर काढायची वेळ येते. ती मे महिन्यात काढू नका. कोरड्या हवेत पानं दोन दिवसांत लोळतात. पावसाळ्यात दमटपणा आयता मिळतो, पण हवा खेळती हवी. मुळांना चिकटलेलं अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा. त्यातल्या साखरेवरच कूज वाढते. पोंग्यात पाणी साचू देऊ नका. साचलंच तर कापसाने टिपा.

फुलाला आणखी दोन-तीन वर्षं लागतात, तोवर कुठली जोडी लावली होती ते आठवत नाही. बाटलीवर मार्करने लिहिलेलं स्पिरिटच्या एका फडक्यासरशी पुसलं जातं. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. माझ्या गच्चीत अकरा झाडं आहेत. त्यांची आई कोण, हे मला आता सांगता येत नाही.