गावाकडच्या घरावर सोलर बसवताय? या चुका टाळा

राहायला ठाण्यात आणि नवं घर मुरबाड-शहापूरकडे, अशी मंडळी हल्ली खूप झालीत. त्यांचा फोन येतो तो स्लॅब पडल्यावर. "तीन किलोवॅटचं किती होईल? सबसिडी किती?" लाइट गेल्यावर हे चालेल का, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

नाही चालत. महावितरणचा पुरवठा गेला की साध्या ऑन-ग्रीड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेल्या बिनबॅटरीच्या सिस्टिमचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती सोय असते. शहापूरजवळ एका घरी ऐन वास्तुशांतीला लाइट गेली. भर दुपारची वेळ, वर पॅनल लख्ख उन्हात आणि खाली पाहुणे पत्रावळीने वारा घेतायत. यजमान हवालदिल, "अहो, पहिल्याच दिवशी बिघडलं?" बिघडलं काहीच नव्हतं. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि यांनीही ७८,०००च्या सबसिडीपुढे काही विचारलं नव्हतं. शेवटी बॅटरीलाही जोडता येणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली, त्यासाठी नवाकोरा रंग दिलेल्या भिंती फोडल्या. म्हणून मी लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवायचे पंखे, दिवे, फ्रीज आणि वायफाय यांचं वायरिंग पहिल्यापासून वेगळ्या डीबीवर, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीवर, काढून घेतो. बॅटरी पुढच्या वर्षी घ्या हवी तर. बोअरचा पंप तिच्यावर चालवायचा हट्ट मात्र नको.

पॅनलची जागा मे महिन्यात बघू नका. सूर्य डोक्यावर असतो, सगळ्याच गच्च्या मोकळ्या वाटतात. डिसेंबरात सकाळी नऊला आणि दुपारी तीनला बघा, दक्षिणेकडचा आंबा कुठवर सावली टाकतो ते कळेल. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते.

आता गरम पाणी. आपल्याकडे खोल्या तापवायची गरज नाही, प्रश्न अंघोळीचाच, त्यासाठी सोलर हीटर. इथली ठरलेली चूक म्हणजे दोन्ही टाक्या एकाच उंचीवर. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा, नाहीतर ती नीट भरतच नाही आणि वर तक्रार, "सोलर पाणी तापवत नाही." मिस्त्रीला तोंडी सांगून भागत नाही. मी उंची नकाशावर लिहून घेतो आणि टाकीचा कट्टा बांधताना स्वतः टेप लावतो. बोअरचं पाणी जड असेल तर टाकीत आणि नळ्यांत क्षार साचतो, त्यामुळे वर्षातून एकदा सगळं रिकामं करून धुवा.

आणि महिन्यातून एकदाच जाणार असाल तर सोलर हीटर घेताच कशाला? विजेचा छोटा गीझर पुरतो. गॅसचा घ्यायचा तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बंद बाथरूममध्ये त्याने जीव जातो.

बायोगॅसची हौसही अनेकांना येते. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. शनिवार-रविवारच्या मालकाने ते कोणाकडून कालवून घ्यायचं?

पॅनलखालच्या स्ट्रक्चरचे पाय रोवायला तयार स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, पहिल्याच पावसात गळती लागते. त्यासाठीचे काँक्रीटचे ठोकळे स्लॅबच्या वेळीच ओतून घ्या. अर्थिंगचा खड्डा मात्र घराच्या पायाच्या कामातच उरकावा, अंगणात लाद्या बसल्या की तो खणायला कुणी तयार होत नाही.