ॲफिलिएट सुरू करताय? आधी एक गिऱ्हाईक पकडा

ॲफिलिएट म्हणजे आपल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की आपल्याला कमिशन मिळतं तो धंदा. ती लिंक कशी बनवायची, वेबसाइट कशी उघडायची, पॅन कार्ड कुठं जोडायचं, हे इथं सांगत बसत नाही. त्याला एक दुपार पुरते आणि तिथं कुणी अडकत नाही. नवा माणूस अडकतो तो त्याच्या पुढच्या प्रश्नावर: लिहायचं कशावर? नेमके या प्रश्नावरच सगळ्यात जास्त फालतू सल्ले मिळतात.

मी त्यात आठ महिने घालवले. माझ्या पहिल्या साइटवर मोबाइल होते, प्रोटीन पावडर होती, क्रेडिट कार्डं, वेब होस्टिंग आणि लहान मुलांच्या सायकली होत्या. क्रेडिट कार्ड माझ्याकडं नव्हतं. प्रोटीन पावडरचा डबा मी आजतागायत उघडलेला नाही. आठ महिन्यांत विकलं गेलं एक मोबाइल कव्हर, तेही मला बरं वाटावं म्हणून मामेभावानं घेतलेलं. पुढं नियम वाचले तेव्हा कळलं की आपली किंवा नातेवाइकांची खरेदी धरत नाहीत. म्हणजे कव्हरही गेलं.

आता बरीच वर्षं एकाच वस्तूवर लिहितोय: पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप. घर त्यावर चालत नाही, पण दर महिन्याला काही ना काही जमा होतं, खरिपात जरा बरं. तर क्रमानं घेऊ.

पायरी १: खातं आत्ता काढू नका

उत्साहात सगळे हे पहिल्याच दिवशी करतात. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी ॲफिलिएटचं खातं काढल्यापासून १८० दिवसांत ठरावीक विक्री व्हावी लागते, नाहीतर ते बंद होतं. तुमची साइट रिकामी आणि तिकडं घड्याळ चालू. दहा लेख होऊ द्या, रोज थोडे लोक येऊ लागू द्या, मग काढा. आणि एकच काढा.

पायरी २: विषय नको, गिऱ्हाईक शोधा

या पायरीला घाई केली की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून इथं थोडं थांबतो.

पहिला फालतू सल्ला: ‘तुमची आवड शोधा.’ मला क्रिकेट आवडतं. क्रिकेटवर मी रात्रभर बोलेन, पण ऐकणारा बॅट विकत घेणार आहे का? तो मॅच बघतोय. आवडीच्या विषयावर वाचक मिळतील, पण वाचक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. ॲमेझॉनवर लिंक दाबल्यापासून २४ तासांत खरेदी झाली, किंवा निदान वस्तू कार्टमध्ये पडली, तरच तुमच्या नावावर काही लागतं. म्हणजे आज-उद्या घ्यायचंच आहे, पण कुठलं घ्यावं ते कळत नाही, असा माणूस तुम्हाला हवा. नुसता वेळ घालवायला आलेल्याचा उपयोग नाही.

दुसरा फालतू सल्ला: ‘जास्त कमिशनच्या मागं जा.’ होस्टिंग, कर्ज, कोर्स यांवर घसघशीत कमिशन असतं ते उगाच नाही. तिथं मोठे खेळाडू पैसे ओतून बसलेत. तुम्ही काल आलात, गूगलवर त्यांच्या पुढं कसे दिसणार? मला एका कोर्सवाल्यानं पैसे घेऊन शिकवलं काय, तर त्याचाच कोर्स ॲफिलिएट लिंकनं पुढं कसा विकायचा. नाव घेत नाही. त्या कोर्समध्ये मला मिळालेली एकुलती एक विद्या म्हणजे असा कोर्स घ्यायचा नाही.

मग विषय सापडला कसा? खरं सांगायचं तर मी शोधलाच नाही. माझ्या मेव्हण्याचं मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कृषी सेवा केंद्र आहे. जुलैमध्ये तो म्हणाला, “दाजी, मला दोन तास तहसीलला जायचंय, गल्ल्यावर बसता का?” बसलो. त्या दोन तासांत पंपाबद्दल विचारायला सात माणसं आली. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. डबल मोटरचा घेऊ का सिंगल? आठ अँपिअरची बॅटरी चार एकराला पुरते का? तणनाशकाला आणि कीटकनाशकाला नोझल वेगळं लागतं का? एक काका तर पंपच घेऊन आले होते. “नवा आहे, पण दहा मिनिटांत प्रेशर सुटतंय. मोटर गेली वाटतं.”

मेव्हणा परत आला. त्यानं झाकण उघडलं, टाकीच्या तळाची जाळी काढली आणि उजेडात धरली. न विरघळलेल्या पावडरीच्या औषधाचा पांढरट लगदा जाळीभर बसला होता. नळाखाली धुतली, नोझल फुंकून साफ केलं, पाणी भरून बटन दाबलं. फवारा मस्त लांबवर गेला. “काका, पावडर आधी बादलीत कालवा, मग गाळून टाकीत ओता. मोटरला काही झालं नाही.”

घरी येऊन मराठीत शोधलं. जाळीबद्दल एक ओळही सापडली नाही. होतं ते सगळं कंपन्यांच्या जाहिरातींचं भाषांतर. ‘शक्तिशाली मोटर, आकर्षक डिझाइन.’ पंपाचं डिझाइन बघून कोण घेतं हो?

तुमचा मोंढा तुम्हाला शोधावा लागेल. शिलाई मशीनचं दुकान असेल, घरघंटीची दुरुस्ती करणारा असेल, शाळेसमोरचा स्टेशनरीवाला असेल. ओळखीच्या ठिकाणी एक दुपार बसा आणि लोक घ्यायच्या आधी काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘प्रेशर सुटतंय’ हे शब्द मला कुठल्याही कीवर्डच्या साधनानं दिले नसते, आणि लोक मोबाइलवर बोलून शोधतात ते याच शब्दांत.

मग कागदाची परीक्षा. गूगल बंद. एका बैठकीत त्या वस्तूबद्दलचे तीस प्रश्न लिहा, गिऱ्हाइकाच्या तोंडचे. बारावर अडकलात तर तो विषय तुमचा नाही, सोडा. पंपाच्या वेळी माझे चाळीसच्या वर गेले. प्रोटीन पावडरवर नंतर गंमत म्हणून करून बघितलं, पाचव्याला पेन थांबलं.

तीस झाले की त्यांतून ज्याचा हात खिशाकडं गेलाय त्याचे प्रश्न वेगळे काढा. ‘फवारणी पंपाचा शोध कुणी लावला’ विचारणारा शाळेचा प्रकल्प करतोय. ‘सोळा लिटरचा घेऊ का वीस’ विचारणाऱ्याला शनिवारच्या आत पंप हवाय. पहिल्यासाठी लिहू नका, कितीही वाचक येवोत.

त्यानंतर विषय अरुंद करायचा, आणि इथं प्रत्येकाचं काळीज धडधडतं. ‘इतक्या छोट्या विषयात माणसं तरी किती येणार?’ माझंही धडधडलं, आणि त्या भीतीनं मी सगळ्या शेती अवजारांवर लिहायला निघालो होतो. नाशिकच्या एका द्राक्षवाल्यानं कान धरला. त्याच्या बागेत ट्रॅक्टरवरचा ब्लोअर चालतो, नाहीतर एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा मोठा पंप. पाठीवरचा पंप त्याला खेळण्यासारखा. त्याला आणि दोन एकर सोयाबीनवाल्याला एकाच लेखात बसवायला गेलो तर दोघांनाही काही सांगता येत नव्हतं. शेवटी ठरवलं: दोन ते पाच एकर, कापूस, सोयाबीन किंवा भाजीपाला, स्वतः फवारणारा माणूस. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर लिहिलं, ‘फळबागेसाठी हा पंप घेऊ नका.’ ती ओळ टाकल्यापासून लोकांचा विश्वास बसायला लागला.

आकडेमोड एकदा करून ठेवा, म्हणजे स्वप्नं आटोक्यात राहतात. समजा वस्तू ३,००० रुपयांची आणि कमिशन ५ टक्के धरलं, तर एका विक्रीला १५० रुपये. महिना १०,००० हवे असतील तर ६७ पंप. लिंक दाबणाऱ्या शंभरातले तिघं घेतात असं धरलं तर दोन हजार दोनशेवर क्लिक. तुमच्या वस्तूचा खरा दर कमिशनच्या त्या दिवशीच्या तक्त्यात बघा, तो बदलत असतो. हिशेब जुळत नसेल तर ‘पुढं बघू’ म्हणू नका. त्याच माणसाला आणखी काय लागतं ते बघा. पंपवाल्याला चार्जर, बॅटरी, नोझल लागतं, मास्क आणि हातमोजे लागतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, हे आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. म्हणून मास्कवर लिहायचं तर आधी तो उन्हात अर्धा तास स्वतः घालून बघतो. न वापरलेल्या वस्तूची शिफारस करायची सवय मला प्रोटीन पावडरनं लावली होती, ती मोडायला वेळ लागला.

शेवटचं, हंगाम. पंपावरचा पहिला लेख मी ऑगस्टमध्ये टाकला. गूगलला तो दिसेपर्यंत दिवाळी आली. पेरण्या जूनमध्ये, पंपाची शोधाशोध जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे लेख मार्च-एप्रिलमध्येच तयार हवेत. तुमच्या वस्तूचा हंगाम गूगल ट्रेंड्सवर पाच मिनिटांत कळतो. मला कळायला एक अख्खं खरीप गेलं.

पायरी ३: पहिले दहा लेख

तीसातले सोपे दहा उचला. एका लेखात एकच प्रश्न, आणि उत्तर पहिल्या चार ओळींत. निम्म्या लेखांत लिंक टाकूच नका. जाळी कशी धुवायची हे सांगताना नवा पंप विकायला निघालात तर माणूस परत येणार नाही.

पायरी ४: कमिशन मिळतं हे आधीच सांगा

यात खेळ नको, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ पासून यावर स्पष्ट सूचना आहेत. लिंकच्या वर, साध्या मराठीत: ‘या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळतं.’ तळाला बारीक अक्षरात नको.

पायरी ५: किंमत लिहू नका

सकाळी एक असते, सेलमध्ये दुसरी. शिवाय चुकीची किंमत दाखवणं ॲमेझॉनच्या नियमात बसत नाही. ‘आजची किंमत बघा’ पुरे.

पायरी ६: आकडे रविवारी

लोक गूगलवरून तुमच्या साइटवर कसे आले ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल आठवड्यातून एकदा उघडा. कमाई नंतर. लोक काय शब्द टाकून आले तेवढं बघा, त्यातूनच पुढचा लेख निघतो. मी पूर्वी दिवसातून वीसदा डॅशबोर्ड उघडायचो. शून्याकडं वीसदा बघितल्यानं तो एक होत नाही.

पायरी ७: दुसरा विषय वहीत कोंडा

तिसऱ्या महिन्यात हमखास वाटतं की ड्रोनवर लिहावं, सोलारवर लिहावं, मित्राचं एअर फ्रायरवर भारी चाललंय. वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि वही मिटा. दोन हंगाम होईपर्यंत उघडायची नाही. माझ्या मागच्या पानावर एकोणीस विषय आहेत, त्यांतला एकही मी केलेला नाही.

अपवाद एकच: दुसरा विषय पहिल्याच्याच पोटातून आला तर. २०२४ च्या खरिपात कापूस-सोयाबीनवाल्यांना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शंभर टक्के अनुदानावर बॅटरी पंपाचे अर्ज निघाले. फुकट मिळणारी वस्तू माझ्या लिंकवरून कोण घेणार? दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग लेख टाकला, ‘पंप घ्यायची घाई करू नका, आधी अर्ज करा’, आणि अर्ज कसा करायचा ते सगळं लिहिलं. त्या महिन्यात पंप जवळजवळ विकलेच गेले नाहीत. पण तो लेख गावोगावच्या ग्रुपवर लोकांनी आपणहून फिरवला. ज्यांची निवड झाली नाही ते परत आले, आणि ज्यांना पंप मिळाला तेही आले, कारण आता त्यांना बॅटऱ्या बदलायच्या होत्या.

परवाच एकानं विचारलं, “भाऊ, आठ अँपिअरची काढून त्याच पंपात बारा अँपिअरची बसते का?” दोन्ही बॅटऱ्या टेबलावर ठेवून मोजपट्टी लावली. लांबी सारखीच, पण आठवाली साधारण ६५ मिलिमीटर जाड आणि बारावाली ९८. माझ्याकडच्या पंपाच्या खणात काही ती जात नाही. दुसऱ्या दोन पंपांचे खण मेव्हण्याच्या दुकानात जाऊन मोजायचेत, मग लेख टाकतो.