‘डिस्प्ले येत नाहीये!’ घरी पीसी जोडताना या चुका टाळा

शनिवारी रात्री पावणेअकराला डोंबिवलीहून भाच्याचा फोन. “मामा, डिस्प्लेच येत नाहीये.” मागून बहिणीचा आवाज, “सांग त्याला, सत्तर हजार घातलेत म्हणावं.” पंखे फिरत होते, रॅमचे रंगीत दिवे लागले होते, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. पठ्ठ्या सगळं उचकटून परत खोक्यात भरायला निघाला होता, सोमवारी दुकानदाराच्या टेबलावर आपटायला.

मी विचारलं, “चालू करून किती वेळ झाला?”

“दोन मिनिटं. तीनदा बंद-चालू करून बघितलं.”

“आता चालू कर आणि हात लावू नकोस. जेवून घे.”

ताटावर बसेपर्यंत स्क्रीन उजळला होता.

झालं होतं इतकंच. एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) नवा रायझन, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर, सोबत डीडीआर५ रॅम. पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड या रॅमशी आपला ताल जमवत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं जातात, रॅम जास्त असेल तर दहा-पंधराही. तोवर स्क्रीन काळाच राहतो. मधेच बंद केलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात. भाच्याने तीनदा तेच केलं होतं.

गेली बारा-पंधरा वर्षं नातेवाइकांचे आणि चाळीतल्या पोरांचे पीसी जोडून देतोय. खरोखर मेलेला पार्ट हाती लागला असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. बाकी वेळी घोळ एक तर खरेदीच्या यादीत असतो, नाहीतर जोडणीच्या पहिल्या तासात.

काउंटरवर यादी बदलू नका

ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत गेलात की लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटर पार्टांचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा! रविवारी जाऊ नका, बहुतेक शटरं खाली असतात. आदल्या दिवशी दोन-तीन दुकानांकडून व्हॉट्सॲपवर भाव मागवून ठेवा.

इतकं करूनही माणूस काउंटरवर फसतो, कारण तिथे ऐकू येतं, “वो मॉडल खतम है, ये लो, सेम है.” सेम नसतं. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी यांत एका अक्षराचा फरक. जीमध्ये ग्राफिक्स (पडद्यावर चित्र पाठवणारा भाग) आत असतं, पण कॅशे (प्रोसेसरची आतली झटपट मेमरी) निम्मी आणि पीसीआयई (कार्ड जोडायची वाट) जुन्या पिढीचं. साध्या ५६००मध्ये ग्राफिक्स नाहीच. इंटेलच्या १२४००एफचं तेच: शेवटी एफ दिसला की आत ग्राफिक्स नाही. ‘ग्राफिक्स कार्ड दिवाळीला घेऊ, तोवर असंच चालवू’ असं ठरवून एफ घेतला, तर दिवाळीपर्यंत काळ्या पडद्याकडे बघत बसावं लागेल. जन्मात डिस्प्ले येणार नाही आणि दोष कुठल्याच पार्टचा नसेल.

रॅमची गोष्ट अशीच. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले, नावं जवळजवळ सारखी. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या स्लॉटात दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, खोक्यावर बघा. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की ही चूक पूर्वीपेक्षा कितीतरी महागात पडते.

स्वस्तात जुना स्टॉक मिळतो तेव्हा आणखी एक फास असतो. बी४५० बोर्ड २०१८चे, रायझन ५००० मालिका २०२०च्या नोव्हेंबरातली. खोकं २०१८पासून कपाटात पडून असेल तर त्यातला बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्राम) नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. पंखे फिरतात, पुढे शून्य. दुकानातच बायोस अपडेट करून मागा. बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हवरून घरीही होतं, प्रोसेसर बसवलेला नसला तरी.

आणि पक्कं बिल घ्या. ‘बिना बिल’ म्हटलं की १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण वॉरंटीच्या वेळी कच्च्या चिठ्ठीला कोणी विचारत नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. खोकी ठेवायला मुंबईच्या घरात जागा नसते हे कबूल. निदान मदरबोर्डच्या सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण तरी जपा, ते नसेल तर बरेचदा बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत. माझ्याकडे अशी सहा झाकणं देवघराखालच्या खणात आहेत. बायको दर दसऱ्याला विचारते, ही कसली?

एसएमपीएस: इथे काटकसर नको

एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत ‘एसएमपीएस फ्री’ असेल तर तो बाजूला काढून ठेवा. स्टिकरवर ४५० वॉट लिहिलेलं असतं. गेम चालू करताच मशीन फटकन बंद पडतं, तेव्हा खरे वॉट कळतात. ८० प्लस हा शिक्का किती वीज वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. मॉडेलचं नाव घेऊन परीक्षणं वाचा.

आता माझ्याच हातून झालेली चूक. जुना मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस काढून दुसऱ्या कंपनीचा लावला, केबली मात्र जुन्याच ठेवल्या. नीट बांधलेल्या होत्या, कोण परत ओढणार! प्लग खटकन बसले. बटण दाबलं, हलकासा ‘टिक’ आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. दोन हार्ड डिस्क गेल्या, एकीत मेहुणीच्या लग्नाचे फोटो होते. केबलीचं पार्टकडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी मात्र ज्याची त्याची वेगळी. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. नवा एसएमपीएस आला की त्याच्याच केबली वापरा, कितीही कंटाळा आला तरी.

काही मोठ्या एसएमपीएससोबत १६ अँपियरची जाड पिनांची केबल येते आणि वन रूम किचनमध्ये तसलं सॉकेट फक्त गीझरपाशी असतं. मग लोक लोकल बाजारातला ॲडॉप्टर लावतात, तो सैल बसतो, तापतो. त्यापेक्षा तेच टोक असलेली ६ अँपियरची चांगली केबल घ्या. २३० व्होल्टला ६ अँपियर म्हणजे १३८० वॉट, ६५०च्या एसएमपीएसला भरपूर.

हात लावला की झिणझिण्या

ही तक्रार गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींतून हमखास येते. “कॅबिनेटला शॉक मारतो, पार्ट खराब आहे.” टेस्टर लावला तर दिवाही लागतो. पार्ट बहुधा ठीक असतो, भिंतीत अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा चिमूटभर करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटची बॉडी २३०च्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या भोकामागे वायरच नसते.

करंट एरवी बारीक असतो, पण असं चालवू नका. एक तर आत खरंच काही बिघडलं तर बॉडीतला करंट जायला दुसरी वाट नाही, तुम्हीच वाट. दुसरं म्हणजे, चालू मशीनची एचडीएमआय केबल टीव्हीला खुपसली आणि टीव्ही सेट टॉप बॉक्समार्फत बाहेरच्या केबलला जोडलेला असला की पोर्ट उडू शकतो. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून बघायला सांगा. नळाच्या पाइपाला किंवा न्यूट्रललाच अर्थ जोडून देणारे महाभाग भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

जोडताना

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं कॅबिनेटमध्ये कसून, केबली बांधून, काच लावून मग पहिल्यांदा बटण दाबणं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढंच लावा, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. डिस्प्ले आला की मग आत बसवा.

एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांत पिना सॉकेटात असतात, केसासारख्या. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि ठेवा, दाबू नका. प्लॅस्टिकचं झाकण आधी काढायचं नाही. खटका लावताना ते आपोआप उडतं. खटका मात्र करकरतो आणि भीती वाटावी इतका जोर लागतो. तो तसाच असतो. जुन्या एएम४मध्ये उलटं, पिना प्रोसेसरला. तिथे कूलर सरळ वर ओढलात तर दोघांमधल्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, मग उचला.

कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरलेले लोक मी मोजणं सोडून दिलंय. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार खुंट्या तिरक्या जोडीने दाबायच्या. एक जरी अर्धवट राहिली तरी तापमान शंभरीकडे जातं.

मदरबोर्डखालच्या पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांएवढ्याच ठेवा. कॅबिनेट मोठ्या बोर्डासाठी आणि बोर्ड मायक्रो एटीएक्स असेल, तर एखादी जास्तीची खुंटी नेमकी बोर्डाच्या पाठीमागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकते. मग मशीन सुरू होऊन सेकंदात बंद.

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात, ‘कट्’ आवाज येईपर्यंत. आपल्याकडे एक सर्वमान्य इलाज आहे: रॅम काढून खोडरबरने घासणे. आठ वर्षांच्या, खाऱ्या हवेत काळवंडलेल्या पट्टीला तो लागू पडतो, मीही करतो. नव्या पट्टीला कशाला? रबराचा भुगा स्लॉटात जातो तो वेगळाच.

स्टॅटिक विजेचा लोक फार बाऊ करतात. जुलैतल्या मुंबईत, भिंती घाम गाळत असताना, ती भीती कमीच. एसीच्या खोलीत जोडत असाल तर अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, पुरे.

तरीही चालू होत नसेल तर

काहीच हालचाल नाही? एसएमपीएसच्या पाठीमागचा छोटा खटका बघा. हसू नका, मी त्यासाठी दादरहून विरारला गेलोय. मग कॅबिनेटच्या पॉवर बटणाची बारीक वायर बरोबर पिनांवर आहे का ते बघा.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही? मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात हवी, मदरबोर्डात नाही. प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते, ती कूलरमागे लपल्यामुळे राहून जाते. तिच्यासारखीच दिसणारी ग्राफिक्स कार्डाची केबल तिथे कोंबायची नाही. एक चार अधिक चार अशी फुटते, दुसरी सहा अधिक दोन. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार बारीक दिव्यांपैकी कुठला लागून राहिलाय तेही बघा, दुखणं तिथेच असतं. फक्त बूटचा दिवा असेल तर घाबरू नका: एसएसडी कोरी आहे, विंडोज टाकायचंय, एवढाच अर्थ.

यातलं काही नसेल तर प्लग काढून बोर्डावरचा बटणाएवढा सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा, परत लावा, रॅमच्या एका पट्टीवर प्रयत्न करा. त्यानंतरही अंधार असेल तर लॅमिंग्टन रोडची वाट धरा. त्यातही शक्य तर मित्राच्या मशीनमध्ये एकेक पार्ट लावून बघून जा, म्हणजे काउंटरवर ठामपणे बोलता येतं.

आणि मशीन नीट चाललं म्हणजे संपलं असं नाही. ६०००ची डीडीआर५ रॅम घेतली असली तरी बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग) सुरू करेपर्यंत ती बहुधा ४८००वरच धावते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने १४४वर न्यावा लागतो. भाच्याचा महिनाभर ६०वरच चालला होता. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.